रक्तातला निरोप आणि डोळ्यातला कर्करोग

शरीरात गाठ आली की डॉक्टर सहसा तिचा एक तुकडा काढतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि मगच कर्करोगाचे निदान पक्के करतात. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या एका कर्करोगाच्या बाबतीत मात्र हा नियम पाळता येत नाही. या गाठीत सुई घातली तर सुईच्या वाटेने तिच्या पेशी डोळ्याबाहेर येऊ शकतात आणि डोळ्यापुरता असलेला रोग शरीरभर पसरू शकतो. मग तुकडा न काढता गाठीची माहिती मिळवायची कशी?

या प्रश्नाचे एक उत्तर गेली काही वर्षे रक्तात शोधले जात आहे. गाठीतून निघालेले आरएनएचे रेणू रक्तात सापडतात का, आणि सापडले तर त्यांवरून गाठीबद्दल काही सांगता येते का, असा हा शोध आहे. तो अजून पुरा झालेला नाही. पण विज्ञानात एखादी गोष्ट 'सापडणे' आणि तिचा रोग्याला 'उपयोग होणे' यांच्यामध्ये काय काय असते, हे समजून घ्यायला त्याचा इतिहास फार चांगला आहे.

पांढरी बाहुली

या कर्करोगाचे नाव रेटिनोब्लास्टोमा. रेटिना म्हणजे दृष्टिपटल, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला, प्रकाश टिपणारा पातळ पडदा. त्याच्या वाढत्या पेशींमध्ये हा रोग सुरू होतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत दिसून येतो. जगात दरवर्षी सुमारे ८,००० मुलांना हा रोग होतो असा अंदाज आहे. त्यांपैकी दीड ते दोन हजार मुले भारतातली असतात.

रोगाची मुख्य खूण घरातही दिसू शकते. डोळ्याच्या काळ्या बाहुलीत पांढरट चमक दिसते. रात्री दिव्याच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात, तशी ही चमक असते. कधी मूल तिरळे पाहू लागते.

एडिंबरोचे शल्यचिकित्सक जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ साली अशा डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगी डोळ्यांचे विच्छेदन करून त्यांनी दाखवले की ही गाठ बहुधा दृष्टिपटलातून निघते. डोळा लवकर काढला तर मूल वाचू शकेल, असेही त्यांनी सुचवले. तेव्हा भूल देण्याचे तंत्र नव्हते. ईथरचा जाहीर वापर १८४६ साली झाला. त्यामुळे हा सल्ला देणे सोपे आणि अमलात आणणे भयंकर होते.

पुढचा मोठा टप्पा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जाहीर केले. त्यामुळे जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच नीट पाहता येऊ लागले. डोळा पारदर्शक असल्याने आतली गाठ बाहेरून दिसते. आजही या रोगाचे निदान मुख्यतः डोळ्यात पाहून आणि सोनोग्राफी, एमआरआय यांसारख्या तपासण्यांनी होते, तुकडा काढून नव्हे.

मग रक्तात काही शोधायची गरजच काय? कारण पाहून सगळे कळत नाही. गाठ कोणत्या औषधाला दाद देईल, डोळा वाचवण्याचा प्रयत्न करावा की तो काढावा, उपचारानंतर कुठे पेशी लपून राहिल्या आहेत का, हे प्रश्न डोळ्यात डोकावून पुरते सुटत नाहीत.

अठ्ठेचाळीस मुलांचा हिशेब

१९७१ साली आल्फ्रेड नुडसन या अमेरिकी डॉक्टरांनी रेटिनोब्लास्टोमा झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. काहींना एकाच डोळ्यात रोग होता, काहींना दोन्ही डोळ्यांत. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांचे निदान कमी वयात होत होते. अमुक वयापर्यंत निदान न झालेल्या मुलांचे प्रमाण त्यांनी लॉगरिथमच्या आलेखावर मांडले, तेव्हा या मुलांसाठी जवळजवळ सरळ रेषा आली. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाची रेषा अशीच असते. एकाच आकस्मिक घटनेची वाट पाहिली जात असेल तर असे होते. एका डोळ्याच्या रोगात मात्र रेषा वाकलेली होती. तिथे दोन घटनांची गरज असावी असे दिसत होते.

दाराला दोन कड्या आहेत अशी कल्पना करा. दोन्ही निघाल्या तरच दार उघडते. काही मुलांच्या दारांना जन्मापासून एकच कडी असते. ती निघाली की रोग सुरू. इतर मुलांमध्ये एकाच पेशीतल्या दोन्ही कड्या निघाव्या लागतात, म्हणून रोग विरळा आणि उशिरा होतो. १९८६ साली ही 'कडी' प्रत्यक्ष हाती आली. तेराव्या गुणसूत्रावरचे आरबी-१ हे जनुक वेगळे करण्यात आले. पेशींच्या विभाजनाला आवर घालणाऱ्या जनुकांपैकी हाती आलेले हे पहिले जनुक.

यातून रक्ताची एक उपयुक्त तपासणी निघाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए तपासून मुलाला हा दोष जन्मतः मिळाला आहे का हे पाहता येते. तसे असेल तर त्याच्या भावंडांचे डोळे वेळीच तपासता येतात. पण ही तपासणी वारशाबद्दल सांगते. डोळ्यात आज गाठ आहे का, ती वाढते आहे की आटते आहे, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी गाठीकडूनच निरोप यायला हवा.

टिकू नये असा रेणू

असा निरोप रक्तात असू शकतो याचा पहिला धागा १९४८ साली मिळाला होता. फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे मांदेल आणि मेते या शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि उरलेल्या रक्तद्रवात न्यूक्लिइक आम्ले असल्याचे दाखवले. निरोगी माणसांच्या रक्तातही ती होती. या नोंदीकडे कित्येक वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. यात नवल नाही. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ साली कळली आणि जनुकाचा संदेश वाहून नेणारा आरएनए १९६१ साली ओळखला गेला. ज्या रेणूचे कामच ठाऊक नाही, तो रक्तात सापडला तर त्याचे करायचे काय?

१९७७ साली कर्करोगाच्या अनेक रुग्णांच्या रक्तरसात मोकळा डीएनए जास्त असतो असे दिसून आले. आरएनएबद्दल मात्र शंकाच होती, आणि ती सकारण होती. आरएनए तोडणारी एन्झाइमे रक्तात, घामात, आपल्या बोटांवर, सगळीकडे असतात. त्यांतली काही तर उकळूनही पुरती नष्ट होत नाहीत. आरएनएवर काम करणारी आम्ही मंडळी हातमोजे घालतो ते पुष्कळदा स्वतःला जपण्यासाठी नव्हे, तर आपल्या हातांपासून आरएनए जपण्यासाठी. असा नाजूक रेणू रक्तात तग धरून राहील हे कोणालाही पटणे कठीण होते.

दरम्यान मोजण्याची साधने बदलली. १९७० साली आरएनएवरून डीएनए तयार करणारे एन्झाइम सापडले आणि १९८०च्या दशकात डीएनएच्या थोड्या प्रतींवरून कोट्यवधी प्रती करणारे पीसीआर तंत्र आले. दोन्ही एकत्र केल्यावर आरएनएचे मूठभर रेणूही ओळखता येऊ लागले. १९९१ साली मेलानोमा या रंगपेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात टायरोसिनेझ जनुकाचा आरएनए मिळाला. हे जनुक रंगपेशींमध्येच चालू असते, रक्तपेशींत नसते. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी डोळ्यातील मेलानोमाच्या रुग्णांच्या रक्तातही तो शोधला. डोळ्यातल्या कर्करोगाचा आरएनए रक्तात शोधण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. पण हा आरएनए रक्तात वाहत आलेल्या पेशींच्या पोटातला होता. पेशींबाहेर, रक्तरसात मेलानोमाचा आरएनए मिळाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

तरी मूळ कोडे राहिलेच. तो तुटत कसा नाही? २००२ साली हाँगकाँगमध्ये एक साधा आणि सुंदर प्रयोग झाला. संशोधकांनी शुद्ध आरएनए रक्तद्रवात मिसळला. १५ सेकंदांत त्याचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग ओळखण्यापलीकडे गेला. त्याच रक्तद्रवात मुळातच असलेला आरएनए मात्र तासन्‌तास टिकून होता. म्हणजे शंकाही खरी होती आणि शोधही खरा होता. उघडा आरएनए टिकत नाही. रक्तातला आरएनए उघडा नसतो. तो पेशींनी सोडलेल्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत असतो किंवा प्रथिनांना बिलगलेला असतो. अशा पिशव्यांतून आरएनए एका पेशीकडून दुसरीकडे जातो हे स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली दाखवले.

बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या

याच काळात आरएनएचा एक नवाच प्रकार पुढे आला. १९९३ साली व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकन यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत साधारण २२ अक्षरांचा एक चिमुकला आरएनए आणि त्याचे काम ओळखले. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून तो दाबून टाकतो. ही त्या कृमीपुरती गंमत असावी असे अनेकांना वाटले. २००० साली असाच दुसरा रेणू माणसापर्यंतच्या प्राण्यांत सापडला, तेव्हा चित्र पालटले. या रेणूंना मायक्रोआरएनए म्हणतात. या शोधासाठी दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

२००८ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे एक महत्त्वाचा प्रयोग झाला. संशोधकांनी माणसाच्या प्रोस्टेट ग्रंथीतील कर्करोगाच्या पेशी उंदरांत वाढवल्या आणि उंदरांच्या रक्तात माणसाचे मायक्रोआरएनए शोधले. ते सापडले. उंदराच्या रक्तातला माणसाचा रेणू गाठीखेरीज दुसरीकडून येणे शक्य नव्हते. शिवाय हे रेणू खोलीच्या तापमानाला दिवसभर ठेवूनही टिकून होते. यानंतर जगभर निरनिराळ्या कर्करोगांसाठी रक्तातले मायक्रोआरएनए शोधण्याची लाट आली.

चेन्नईची यादी

रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत हे काम आपल्याच देशात झाले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २०१३ साली ते प्रसिद्ध केले. रोग बराच वाढलेल्या १४ मुलांचा रक्तरस एकत्र करून त्यांनी त्याच वयाच्या १४ निरोगी मुलांच्या रक्तरसाशी ताडून पाहिला. २१ मायक्रोआरएनए वाढलेले आढळले, २४ घटलेले. गाठींच्या पेशींमध्येच बदललेले असे ५९ मायक्रोआरएनए वेगळ्या तपासणीतून माहीत झाले होते. त्यांपैकी ३३ चा कल रक्तरसातही तसाच होता. मग २० रुग्णांच्या रक्तरसात काही रेणू एकेक करून मोजले. त्यांत मिआर-१७, मिआर-१८ए आणि मिआर-२०ए हे तीन वाढलेले दिसले. हे तिघे एकाच समूहातले आहेत, आणि तो समूह रेटिनोब्लास्टोमाच्या वाढीला हातभार लावतो हे उंदरांवरील प्रयोगांत २०११ साली दिसले होते. म्हणजे यादी अगदीच अचानक आलेली नव्हती. तिला जीवशास्त्राचा आधार होता.

मग ही चाचणी आज रुग्णालयात का होत नाही? या प्रश्नाची चार उत्तरे आहेत, आणि ती वरच्या वर्गात चर्चेला घेण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर योगायोगाचे. एक हजार गोष्टी मोजल्या आणि 'शंभरात पाच' एवढी योगायोगाची सूट ठेवली, तर काहीही फरक नसतानाही सुमारे ५० गोष्टी वेगळ्या दिसतील. म्हणून पहिली यादी म्हणजे उमेदवारांची यादी. निवड पुढे व्हायची असते, आणि तीही नव्या, अधिक संख्येच्या मुलांवर.

दुसरे उत्तर रक्ताच्या नळीतले. मिआर-१७च्या घराण्यातले रेणू आणि इतर कित्येक मायक्रोआरएनए रक्तपेशींतही असतात. नमुना घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी रक्तरसातले आकडे बदलतात. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाच्या नाजूक शिरेतून रक्त घेणे काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. असे मोजमाप कर्करोगाचे असते की फुटलेल्या पेशींचे, हे ठरवावे लागते. २०११-१२ च्या सुमारास याबद्दल सावधानतेचे इशारे छापून आले.

तिसरे उत्तर प्रश्नाचे. रोग बराच वाढलेल्या मुलांत फरक दिसला. पण तिथे गाठ डोळ्यात पाहूनच कळते. रक्ताकडून हवे आहे ते निराळे. गाठ लहान असताना खूण दिसते का? उपचारानंतर ती जाते का? रोग परतताना डॉक्टरांना दिसण्याआधी ती उमटते का? त्यासाठी एकाच मुलाचे नमुने वर्षानुवर्षे जपावे लागतात.

चौथे उत्तर अंकगणिताचे. समजा, निरोगी मुलांपैकी ९९ टक्क्यांना 'रोग नाही' असे अचूक सांगणारी चाचणी तयार झाली. ती १,६०,००० बाळांवर वापरली. १६ हजारांत एक या हिशेबाने त्यांत खरे रोगी १०. पण निरोगी बाळांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १,६०० बाळांना ती 'रोग आहे' असे चुकीचे सांगेल. दहा मुलांसाठी सोळाशे घरांत घबराट. विरळ रोगात ९९ टक्के अचूकताही कशी अपुरी पडते, हे फळ्यावर मांडून पाहावे.

डोळ्यातले पाणी आणि प्रौढांची गाठ

रक्तात गाठीचे रेणू फार विरळ होतात. डोळ्याच्या पुढच्या भागात असलेल्या नेत्रजलात ते अधिक घट्ट असणार. पण तिथेही सुई घालावी लागते, म्हणून ती वाट बंदच मानली जात होती. डोळ्यात सुरक्षितपणे औषध टोचण्याची पद्धत २०१२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बसवली गेली. त्यात दाब कमी करण्यासाठी आधी थोडे नेत्रजल काढतात. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी हे एक दशांश मिलिलीटर पाणी फेकून न देता तपासले, आणि २०१७ साली त्यात गाठीचा डीएनए असल्याचे दाखवले. पुढे त्यातल्या काही बदलांवरून डोळा वाचेल की काढावा लागेल याचा अंदाज येऊ लागला. येथे बाजी मारली ती डीएनएने आणि नेत्रजलाने. रक्तातल्या आरएनएने नव्हे.

प्रौढांच्या डोळ्यातील मेलानोमाची कथा आणखी वेगळी आहे. तो आपल्याकडे कमी आढळतो, पण झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत पुढे यकृतात वगैरे पसरतो. त्यात सुईने नमुना घेणे चालते. २००४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील संशोधकांनी गाठीतल्या आरएनएवरून तिचे दोन वर्ग पाडले. एका वर्गाच्या गाठी क्वचित पसरतात, दुसऱ्या वर्गाच्या पुष्कळदा. मग १५ जनुकांची चाचणी ठरली, बारा केंद्रांतील ४५९ रुग्णांवर ती पारखली गेली, निकाल २०१२ साली आला, आणि ती वापरात आली. आरएनए ही चांगली खूण होऊ शकते, हे यातून सिद्धच झाले. तीच खूण दूरवरून, रक्तातून वाचणे हे काम बाकी आहे.

परळ, खारघर आणि सारसोळे

असे काम एकट्या प्रयोगशाळेला जमत नाही. शेजारी रुग्णालय लागते आणि दोघांचा संबंध अनेक वर्षे टिकावा लागतो. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली कर्करोग संशोधन केंद्र निघाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. तिचे कार्यालय आज वाशीला आहे. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एका छत्राखाली आले, आणि २००२ साली संशोधनाचा भाग 'अ‍ॅक्ट्रेक' या नावाने खारघरला नांदू लागला.

आम्ही राहतो ते सारसोळे हे खाडीकाठचे जुने गाव आता नेरूळच्या वस्तीत मिसळून गेले आहे. नेरूळहून लोकलने तिसरे स्थानक खारघर. इतक्या जवळ कर्करोग संशोधनाची मोठी संस्था आहे. पण मुलाच्या डोळ्यातली चमक आईच्या लक्षात येणे आणि नेत्रतज्ज्ञांनी तो डोळा तपासणे यांतले अंतर लोकलच्या स्थानकांत मोजता येत नाही. 'मोठा झाला की जाईल', 'तिरळेपणा घराण्यातच आहे' असे म्हणत महिने जातात. श्रीमंत देशांत या रोगातून ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे अनेक मुले रोग डोळ्याबाहेर गेल्यावर डॉक्टरांपुढे येतात. रक्ताची चाचणी उद्या तयार झाली तरी ती या उशिरावर उपाय ठरणार नाही, कारण चाचणी करायला मूल आधी दवाखान्यात यावे लागते.

अमेरिकेतील एका संशोधक गटाने २०१९ साली चाळीस मुलांची घरी काढलेली पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेतली. डोळ्यांचा विकार असलेल्या वीस मुलांपैकी सोळा जणांच्या छायाचित्रांत पांढरी चमक होती, आणि ती निदानाच्या आधी सरासरी १.३ वर्षे दिसू लागली होती. म्हणजे खूण घरातच, छायाचित्रांत पडून होती.

म्हणून बालवाडीच्या आणि पहिलीच्या शिक्षकांना विनंती अशी. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात एखाद्या मुलाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसली, किंवा मूल नव्याने तिरळे पाहू लागले, तर पालकांना त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जायला सांगावे. कर्करोग हा शब्द काढू नये. अशी चमक मोतीबिंदूनेही येते, कधी केवळ कॅमेऱ्याच्या कोनामुळेही दिसते. ते डॉक्टर ठरवतील. धाकटी भावंडे शाळेच्या कार्यक्रमांना येतात, त्यांच्याकडेही नजर असावी, कारण या रोगाचे खरे वय शाळेच्या आधीचे आहे. मूल वेळेवर दवाखान्यात पोहोचले तर आज हाती असलेल्या उपचारांनीच त्याचा जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचवता येतो.